शाळेचा निरोप घरापर्यंत : महासाथीतील प्राथमिक शाळा आणि पालक

शाळा आणि घर यांच्यामध्ये निरोपाची ने-आण करणारा टपालवाला कोण, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर सोपे आहे. तो म्हणजे स्वतः विद्यार्थी. उद्या सुटी आहे, परवा पालकसभा आहे, दाखल्यासाठी आधारकार्ड घेऊन बोलावले आहे, गणवेशाचे माप द्यायचे आहे, हे सारे मूल घरी जाऊन सांगते. कधी अर्धे सांगते, कधी विसरते, कधी सोयीपुरते सांगते. पण रोज जाते आणि रोज येते. त्यामुळे आजचा विसरलेला निरोप उद्या तरी पोचतो. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती एक व्यवस्था आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

मार्च २०२० मध्ये हा टपालवालाच घरी बसला. प्राथमिक शाळेने घरोघरी कोणत्या वाटांनी निरोप पोचविले, कोणत्या वाटा अपुऱ्या पडल्या आणि त्यापासून आपण काय शिकावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय लहान वाटेल. परंतु निरोप न पोचल्यामुळे काय काय हातातून निसटते हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

घटनाक्रम

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात त्याच आठवड्यात साथरोग कायदा लागू झाला, आधी शहरांतील व नंतर ग्रामीण भागातील शाळा बंद झाल्या. २० मार्चला पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वेळी कोणालाही ही सुटी काही आठवड्यांपलीकडे जाईल असे वाटले नव्हते. प्रत्यक्षात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले आणि ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी परत सुरू झाले. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि लगेच जानेवारी २०२२ मध्ये शाळा आणखी एकदा थोडे दिवस बंद झाल्या.

या तारखांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत दाखल झाले, ते मूल वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा ते दुसरीत होते, आणि दुसरीचेही निम्मे वर्ष सरले होते. गुरुजींचा चेहरा, घंटा, रांग, फळा यांपैकी काहीही न पाहता त्या मुलाने एक इयत्ता पार केली. त्याच्या आईवडिलांच्या दृष्टीने शाळा म्हणजे काय होती? हजेरीपटावरचे एक नाव आणि मधूनमधून येणारा निरोप. म्हणजे त्या दीड वर्षात निरोप हीच शाळा होती.

आपल्या भागाची विशेष अडचण

सिरसाळा हे परळी तालुक्यातील बाजाराचे गाव. आजूबाजूला वाड्या, वस्त्या आणि तांडे. परळीकडून बीडकडे जाणारा रस्ता गावातून जातो, त्यामुळे वर्दळ असते. पण रस्ता सोडून दोन-चार किलोमीटर आत गेले की चित्र पालटते. कोरडवाहू शेती आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या हे बीड जिल्ह्याचे वास्तव सर्वांना ठाऊक आहे. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या परिसरात पाच-सहा महिने मुक्काम असतो. लहान मुले एक तर बरोबर जातात, नाही तर आजीआजोबांजवळ राहतात. म्हणूनच या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना चालते आणि काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या.

शाळा बंद झाल्या तेव्हा हंगाम संपलेला नव्हता. टाळेबंदी झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्यामुळे हजारो टोळ्या फडातच अडकल्या. त्यांना तपासणी करून गावी परतू देण्याचा निर्णय राज्य शासनाने १७ एप्रिल २०२० रोजी घेतला. गावी आल्यावर चौदा दिवस वेगळे राहावयाचे होते. अनेक गावांत हे विलगीकरण शाळेच्या खोल्यांतच झाले. ज्या इमारतीत मुलांनी यावयाचे नव्हते त्या इमारतीत त्यांचे आईवडील राहत होते, असा हा विचित्र प्रसंग होता.

आता शिक्षकाच्या जागी उभे राहून पाहा. पटावर तीस-पस्तीस मुले. त्यांतील काहींचे आईवडील कारखान्यावर, काहींचे पुण्या-मुंबईहून नुकतेच परतलेले, काही मुले मामाच्या गावी. दाखल्याच्या वेळी दिलेला फोन क्रमांक बंद, कारण सिमकार्ड बदललेले. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोली. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत, तेथील पालकांना मराठी परिपत्रक वाचता येईलच असे नाही. आणि हे सर्व सांभाळणाऱ्या शिक्षकाची नेमणूक त्याच वेळी नाकाबंदीवर, रेशन दुकानावर किंवा घरोघरच्या सर्वेक्षणावर झालेली. पुढे १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हाही घरोघर जाणाऱ्या पथकांत ठिकठिकाणी शिक्षक होतेच. शिक्षक घरी बसून पगार घेतात असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घ्यावी.

मोबाइल : उपयोग आणि मर्यादा

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही त्या काळातील घोषणा होती. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गवार गट तयार झाले, ‘दीक्षा’ अ‍ॅपवरील पाठांचे दुवे त्यावर येऊ लागले, बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडचा उपयोग अनेकांना प्रथमच कळला. ज्या घरी चांगला फोन होता आणि फोन हाताळणारे कोणी होते त्या घराला याचा निश्चित लाभ झाला. हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीचे सप्टेंबर २०२० मधील आकडे बोलके आहेत. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशच भरले. म्हणजे शंभर मुलांपैकी बासष्ट जणांच्या घरी फोन, आणि साहित्य पोचले सुमारे पस्तीस जणांपर्यंत. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. तथापि त्यांतील दोन गोष्टींमधली तफावत आपल्याही अनुभवाची आहे.

ही तफावत का पडते? घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फरक आहे. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप शेतात. तीन भावंडांत एक फोन. रिचार्ज संपलेला. वीज गेली की चार्जिंग नाही. रेंजसाठी घराच्या माळवदावर जावे लागते. याहून महत्त्वाचे कारण असे की गटावर रोज पन्नास संदेश येत. त्यांत सुप्रभाताची फुले होती, काढ्याच्या कृती होत्या, खऱ्याखोट्या बातम्या होत्या, आणि त्यातच कुठे तरी शाळेची सूचना दडलेली असे. पाठविणाऱ्याला वाटते, आपण कळविले. घेणाऱ्याला वाटते, आपल्याला कोणी सांगितलेच नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. सूचना काढणे म्हणजे सूचना पोचणे नव्हे, हा या साऱ्या काळाचा पहिला धडा होय.

इतर वाटा

मोबाइल पोचला नाही तेथे काही ठिकाणी जुन्याच साधनांना नवा उपयोग मिळाला. सोलापुरातील नीलमनगर या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाने घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगविले. जाता-येता मुले वाचीत आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसेही वाचीत. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले. त्या उपक्रमाचे नावच ‘बोलकी शाळा’. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातील वस्तू घेऊन, घरातील माणसांना बरोबर घेऊन शिकावे अशी तिची रचना होती, आणि तिला इंटरनेटची गरज नव्हती.

या तिन्ही प्रयोगांत एक समान सूत्र आहे. निरोप एकट्या मुलाच्या हातातील पडद्यावर न येता सर्वांसमक्ष येतो. भिंतीवरचे अक्षर आजी पाहते, ध्वनिक्षेपकाचा आवाज शेजारीण ऐकते, दूरदर्शनची वेळ घरातील सर्वांना माहीत असते. त्यामुळे ‘अरे, तुमच्या शाळेचे काही तरी सांगत होते’ असे म्हणणारे कोणी तरी असते. आपल्याकडील दवंडीचे मर्म हेच होते. दवंडी ऐकली नाही असे गावात कोणी म्हणू शकत नसे. आणि ज्याने खरेच ऐकली नाही त्याला दुसरा सांगे.

आणखी एक वाट होती, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती म्हणजे पोषण आहाराची. शाळा बंद असताना शिजविलेल्या जेवणाऐवजी तांदूळ आणि डाळी-कडधान्ये पालकांना वाटण्यात आली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, असे प्रमाण ठरलेले आहे. दिवस मोजून तेवढा माल द्यावयाचा. हा माल घेण्यासाठी पालक स्वतः शाळेच्या दारात येत, बहुधा आई किंवा आजी. एरव्ही पालकसभेला न येणारी माणसे त्या दिवशी अंतर राखून रांगेत उभी असत. ज्या शिक्षकाने त्या रांगेत प्रत्येकाशी दोन मिनिटे बोलून घेतले, पोराचे नाव घेऊन विचारपूस केली, नवा फोन क्रमांक टिपून घेतला, त्याला शंभर संदेशांनी जे साधले नसते ते साधले. ज्याने नुसती सही घेऊन पिशवी दिली, त्याने संधी घालविली.

सांगावयाचे काय?

वाट कोणतीही असो, तिच्यावरून जावयाचा मजकूर नेमका हवा. अशा काळात पालकाला पाच गोष्टी कळणे आवश्यक असते : शाळा उघडी की बंद आणि पुढची खबर केव्हा मिळणार; धान्य, पुस्तके, दाखले केव्हा व कोठे मिळतील; या आठवड्यात मुलाने घरी काय करावयाचे; घरात कोणी आजारी पडल्यास कोणाला कळवावयाचे; आणि आपल्या मुलाचे नाव शाळेत अजून आहे की नाही.

यांतील शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. परीक्षा रद्द झाल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना पुन्हा परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला, तेव्हा गावात त्याचा अर्थ एका शब्दात पोचला : ‘सगळे पास’. पास झाल्यावर अभ्यास संपतो, ही आपली जुनी समजूत. वरच्या वर्गात नाव गेले याचा अर्थ खालच्या वर्गातले येते असा नव्हे, हे समजावून सांगणारा निरोप अनेक घरी गेलाच नाही. शासनाने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला तो मागचे राहिलेले भरून काढण्यासाठी. परंतु राहिले आहे हेच ज्या घराला माहीत नाही ते घर सेतूवर पाऊल कशाला ठेवील? शाळेकडून वर्षभर कोणी विचारले नाही म्हणजे शाळा संपली, असा समज झाला की चौदा वर्षांचा मुलगा टोळीबरोबर जातो आणि मुलीसाठी स्थळे पाहावयास सुरुवात होते. येथे निरोपाचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

निरोप खरा असला तरी तो एकाच तोंडून आला पाहिजे. १० ऑगस्ट २०२१ रोजी शाळांचे आणखी वर्ग १७ ऑगस्टपासून उघडण्याचा शासन निर्णय निघाला आणि एकदोन दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. डॉक्टरांच्या कृतिदलाचा आक्षेप होता. तो योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. पण उघडण्याची बातमी दूरचित्रवाणीवरून घरोघर गेली आणि स्थगितीची बातमी तितक्या जोराने गेली नाही, तर दप्तर घेऊन आलेल्या मुलाला परत पाठविण्याचे काम दारातल्या शिक्षकाला करावे लागते. अशा वेळी ‘अजून नक्की नाही, शनिवारी सांगतो’ एवढे सांगणारा शिक्षक विश्वास कमावतो. ‘ठाऊक नाही’ हाही एक निरोप आहे, आणि तो वेळेवर दिला तर अफवेला जागा उरत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयास हवे. आजारी कुटुंबाचे नाव कोणत्याही सूचनेत येता कामा नये. आपल्या गावांत रोगापेक्षा बोभाट्याची भीती मोठी असते. एकाचे नाव फुटले की पुढचे दहा जण तपासणीलाच जात नाहीत. ‘वर्गातील एका मुलाच्या घरी आजार आहे, सर्वांनी काळजी घ्यावी’ एवढे पुरेसे असते.

इतिहासाची साक्ष

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. महाराष्ट्राला शाळेची वाट दाखविणाऱ्या बाई रोग्याच्या दारी स्वतः गेल्या, हे शिक्षकी पेशाने विसरू नये. त्याच पुण्यात रँडच्या देखरेखीखाली शिपायांनी घरांत शिरून तपासण्या केल्या. लोकांना समजावून न सांगता, त्यांच्या चालीरीतींची बूज न राखता केलेल्या या बंदोबस्ताने इतका क्षोभ उसळला की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडण्यात आली. उद्देश रोग आवरण्याचा असला तरी, विश्वास गमावून केलेला उपाय लोक लपविण्याने निष्फळ करतात. त्याच १८९७ सालचा साथरोग कायदा २०२० मध्येही वापरावा लागला. कायदा तोच, परंतु या वेळी गावात कायद्याचा चेहरा म्हणून जी माणसे दारी आली त्यांत आशाताई, अंगणवाडीताई आणि गुरुजी होते. ओळखीच्या माणसाने सांगितलेले लोक ऐकतात, निदान ऐकून घेतात.

पुढच्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. शाळा भरतात, घंटा होते, टपालवाले पुन्हा ये-जा करू लागले आहेत. म्हणूनच आता, संकट नसताना, तयारी केली पाहिजे.

पहिली तयारी म्हणजे प्रत्येक शाळेत एक साधी संपर्कवही. तीत मुलाचे नाव, घरात बोलली जाणारी भाषा, फोन कोणाचा आणि तो घरी कधी असतो, फोन नसल्यास निरोप पोचविणारा शेजारी, आणि ऊसतोडीला जाणारे कुटुंब असल्यास मुकादमाचा क्रमांक व कारखान्याचे नाव असावे. ही वही दर दिवाळीला, टोळ्या निघण्यापूर्वी, ताजी करावी. ती गुप्त ठेवावी हे सांगणे नलगे.

दुसरी तयारी शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. ही समिती केवळ सह्यांपुरती न राहता, एकेका सदस्याने आठ-दहा घरे वाटून घेतली तर तीस-पस्तीस मुलांची शाळा एका संध्याकाळी सर्व घरी पोचू शकते. आणि घरचा प्रश्नही त्याच वाटेने शाळेत परत येऊ शकतो. परत येणारा प्रश्न हीच निरोप पोचल्याची पोच.

तिसरी तयारी आपली, म्हणजे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची. आपल्यापैकी बहुतेक जण याच वाड्या-तांड्यांवरून येतात. कोणत्या घरी वाचणारे आहे, कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याला गेले आहे, हे आपल्याला जेवढे ठाऊक तेवढे कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर आपापल्या गावच्या शाळेची संपर्कवही भरून देण्याचे काम हाती घेतले तर ते कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण गरज पडेल त्या दिवशी उपयोगी पडेल.

आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक सांगावा, आणि दुसरा जाणाऱ्याची रजा. ज्या मुलापर्यंत शाळेचा पहिला निरोप पोचत नाही, ते मूल कोणालाही न कळता शाळेचा दुसरा निरोप घेते. ते घडू न देणे हे प्राथमिक शाळेचे काम आहे. आणि तिला हात देणे हे, त्याच शाळांतून शिकून येथवर आलेल्या आपणा सर्वांचे.